खांदा काढायचा नाही

काळूराम तांडेलाचा भावेश परदेशातून परत आला तेव्हा त्याच्या हातात एकच बॅग होती. आमच्या वाडीत एका बॅगेवर परतलेला माणूस म्हणजे नक्की काहीतरी करून आलेला माणूस. तीन वर्षं तिकडे काढलेला पोरगा येतो तेव्हा चार बॅगा येतात, चॉकलेटं वाटली जातात, त्याची आई घरोघरी साबणाच्या वड्या घेऊन मिरवते. भागुबाई त्या दिवशी उंबऱ्याबाहेर पडली नाही. मग ज्यांना काम नव्हतं त्यांना काम मिळालं. कुणी म्हणालं, फॅक्टरीत चोरी केली. कुणी म्हणालं, बायकोने हाकलला. मी म्हटलं, छे, गोऱ्या बाईचं प्रकरण असणार. मला कुणीही काही सांगितलेलं नव्हतं, पण आधीच्या दोन्ही गोष्टी अगदीच अळणी होत्या. माझी गोष्ट संध्याकाळपर्यंत नागावच्या होमस्टेपर्यंत पोचली, आणि दुसऱ्या दिवशी फिरून मलाच सांगायला आली तेव्हा त्या बाईचे केस सोनेरी झाले होते आणि तिच्या कडेवर मूलही होतं.

खरं कळायला दीड वर्ष लागलं. कळलं तेव्हा वाटलं, माझीच गोष्ट खरी असती तर किती बरं झालं असतं.

आधी काळूरामचं सांगतो. त्याच्याशिवाय भावेश कळायचा नाही.

नागावच्या खाली, खाडीच्या तोंडाशी आमची वाडी. मे महिना संपला की मासेमारी बंद, होड्या वर ओढायच्या. मोठ्या बोटींना आता क्रेन येते. पण लहान होड्या आम्ही अजून खांद्यावरच काढतो. खाली तेल चोपडलेले ओंडके, दोन्ही बाजूंना माणसं, मागे चार दांडगे गडी, आणि हाक द्यायला काळूराम. चाळीस वर्षं हाक त्याचीच. "आवळ रं... हैया!" म्हणाला की बावीस माणसांचा श्वास एकदम आत जायचा आणि एकदम बाहेर पडायचा. होडी एक हात वर. पुन्हा हैया, पुन्हा एक हात.

दुसऱ्या बंदरांत होडीमागे लाकडाची पाचर घेऊन एक माणूस चालतो. होडी सरकली मागे, की पाचर आत. आमच्या वाडीत पाचर नव्हती. काळूरामचा बाप म्हणायचा, पाचर आली की माणसं अंग चोरतात. आमची पाचर म्हणजे आमचा खांदा. पाय घसरो, गुडघा फुटो, शेजारचा पडो, खांदा काढायचा नाही. सगळ्यांनी धरून ठेवलं तर होडी जागची हलत नाही. एकाने काढला की मागचे चौघे गेले.

हे नुसतं बोलणं नव्हतं. काळूरामचा धाकटा भाऊ नामा असाच गेला. होडी सरकली आणि मागे उभ्या नामाच्या छातीवर बसली. वाडीने ठरवलं की चांगदेवने खांदा काढला. चांगदेव वरच्या आगरातून मजुरीला आलेला खलाशी, आमच्यातला नव्हे. त्याच्याशी कुणी बोलेना, त्याला कुणी बोटीवर घेईना. शेवटी तो माणगावला गेला, ट्रकवर क्लीनर झाला आणि तिकडेच मेला. तेव्हापासून काळूरामच्या हाकेत आणखी तीन शब्द आले. होडी जरा डगमगली की तो घसा फोडून ओरडायचा, "खांदा काढू नका!"

भावेश बारा वर्षांचा असताना त्याने एकदा काढला होता. ओंडका पायावर आला म्हणून. काही झालं नाही, होडी हललीही नाही. पण काळूरामने साऱ्या वाडीसमोर पोराच्या अशी कानफटात दिली की पोरगं वाळूत बसलं. मी तिथेच होतो. हसलोही होतो, खोटं कशाला बोलू?

भावेशचं लग्न हेमांगीशी झालं. ही हरिहरेश्वरकडची, नर्स झालेली, आणि आमच्या वाडीतल्या सगळ्या पुरुषांच्या डोक्यांची बेरीज केली तरी तिच्याकडे थोडं जास्तच निघेल अशी. तिने कसल्या कसल्या परीक्षा दिल्या आणि थेट न्यूझीलंडच्या खालच्या टोकाला, एका गावातल्या वृद्धाश्रमात नोकरी मिळवली. वर्षभराने भावेश तिच्या मागून गेला. आम्ही त्याला सोडतो होय? "काय रं, बायकोच्या पदराला गाठ मारून घे, इमानातनं पडशील," असं विनेशने जेट्टीवर सगळ्यांसमोर म्हटलं. भावेश हसला. तो हसणारा मुलगा होता. ठेंगू, रुंद, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं.

तिकडे तो मासे कापायच्या फॅक्टरीत लागला. तिकडच्या बर्फात बोटं मेली तरी याचा सुरा चालायचा. फॅक्टरीला लागून एक मैदान होतं. जुलै महिना, तिकडे हिवाळा, वरून पाऊस आणि समुद्रावरून हाड गोठवणारा वारा. जेवणाच्या सुट्टीत हा डबा घेऊन कुंपणाशी उभा राहिला आणि बघतो तर काय, आठ दांडगे पुरुष चिखलात वाकून एका लोखंडी गाड्याला खांदे लावून ढकलताहेत. त्याने तिथूनच बापाला फोन लावला.

"बाबा, इथं होडी नसताना होडी वढतान!"

काळूराम म्हणाला, "यडे हायेत काय?"

तो खेळ रग्बी. मला भावेशने दहादा समजावला, तेव्हा जेवढा कळला तेवढा सांगतो. चेंडू नारळासारखा लांबट. हातात घेऊन पुढे पळायचं, पण चेंडू पुढे फेकायचा नाही, द्यायचा तो मागच्यालाच. आणि मधूनच खेळ थांबला की आठ माणसं इकडची, आठ तिकडची, तीन रांगांत एकमेकांना घट्ट धरून वाकतात, समोरासमोर डोकी गुंतवतात आणि एकमेकांना रेटतात. त्याला म्हणतात स्क्रम. पुढच्या रांगेतला मधला माणूस सगळ्यात अडचणीत. त्याचे दोन्ही हात शेजारच्यांच्या खांद्यांवर, मागून पाच जणांचा रेटा, समोरून आठ जणांचा. पडला तर टेकायला हात नाही.

त्या दिवशी भावेशला एवढंच दिसलं की ही आठ माणसं आठ वेगवेगळ्या वेळी ढकलताहेत. आठ वाटांनी जाणारा जोर बघून त्याला राहवेना. दुसऱ्या दिवशी तो कुंपणाच्या आत गेला आणि मोडक्या इंग्रजीत सांगू लागला, श्वास एकत्र घ्या, गुडघा असा ठेवा, टाच उचलू नका. ते हसले. एवढासा माणूस, रबरी गमबूट, अंगाला मासळीचा वास. त्यातल्या रावीरी नावाच्या मधल्या गड्याने त्याला खांदा लावायला बोलावलं. तोही त्याच फॅक्टरीत, बर्फाच्या खात्यात. भावेशने खांदा लावला आणि "आवळ रं... हैया!" केलं. रावीरी पुढे एकदा जेट्टीवरच्या फोनवर म्हणाला होता, आणि भावेशने ते मराठी करून आम्हाला सांगितलं होतं, की त्या हाकेचा अर्थ कुणाला लागला नाही, पण पाय आपोआप चालले.

तो क्लबचा तिसरा संघ होता. पहिल्या दोन संघांत ज्यांना जागा नाही ते यात. कोणी ढेरपोट्या, कोणी चाळिशीचा, कोणी दारू सुटावी म्हणून बायकोने पाठवलेला. दोन वर्षांत त्या संघाचा स्क्रम जिल्ह्यात कोणी हलवेना. भावेशला त्यांनी शिकवणारा म्हणून नेमला, पाठीवर नाव लिहिलेलं हिरवं जाकीट दिलं. तो ते घालून झोपायचासुद्धा, असं हेमांगी सांगायची. शनिवारी सामना असला की काळूराम जेट्टीवर फोन कानाला लावून बसायचा आणि तिकडच्या मैदानावरची हाक सगळ्यांना ऐकवायचा. गोऱ्यांच्या, तिथल्या मूळच्या माओरींच्या तोंडून "हैया!"

"माजी हाक हाय ती," म्हणायचा. "पार दुनियेच्या टोकाला गेली."

आम्ही त्याला चिडवायचो, "तांडेल, हाकेचं भाडं मागून घे." पण त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत जे होतं ते नामा गेल्यानंतर मी पहिल्यांदा पाहिलं.

आता पुढचं. हे भावेशने मला होडीच्या सावलीत बसून सांगितलं, माझ्याकडे न बघता.

तिसऱ्या वर्षीचा जुलै. मैदानात घोट्याएवढं पाणी. स्क्रम लागला. पुढच्या रांगेतल्या एकाचा पाय सरकला, आणि रावीरीचं डोकं खाली जाऊ लागलं. त्या खेळाचा पहिला नियम असा की स्क्रम कोसळला की सगळ्यांनी तिथल्या तिथे थांबायचं. पंच शिट्टी फुंकतो, पण शिट्टीचीही वाट बघायची नाही. हे भावेशला माहीत होतं. क्लबने कागदावर लिहून दिलं होतं, त्याने सही केली होती. पण ते कागदावर होतं. अंगात बारा वर्षांच्या वयात वाळूवर खाल्लेली कानफटात होती. पुढे माणूस सरकताना दिसला आणि रेषेबाहेर उभ्या भावेशच्या घशातून तेच बाहेर पडलं, आपल्या भाषेत, बापाच्या आवाजात. शब्द कुणाला कळले नाहीत. पण दोन वर्षं ज्या आवाजावर ते पाय रोवत होते, त्या आवाजावर त्यांनी पाय रोवले. खांदा काढला नाही. रावीरीच्या मागे त्याचाच सख्खा भाऊ टामा होता. सगळ्यात जोर त्याचा.

मान मोडल्याचा आवाज आला म्हणाला भावेश. मी विचारलं नव्हतं.

रावीरी जगला. मानेखाली एक अंगठा तेवढा हलतो, आणि खांदे थोडे.

चौकशी झाली. तीन माणसं टेबलामागे, समोर भावेश, हिरवं जाकीट घालून. कोणीतरी सांगितलं होतं की शिट्टीच्या आधी शिकवणाऱ्याचा आवाज आला. त्यांनी विचारलं, तुम्ही काय ओरडलात? रागाने नाही हो विचारलं. पाण्याचा ग्लास पुढे करून विचारलं.

भावेश म्हणाला, "मी माझ्या भाषेत म्हटलं, सोडा."

त्यांनी ते लिहून घेतलं. टामा सांगत राहिला की मी रेटलं कारण मला रेटायची हाक ऐकू आली. त्याचं कोणी मानलं नाही. कोचने सोडा म्हटलं, पंचाने शिट्टी दिली, तरी याने रेटलं. दोन वर्षं खेळायला बंदी. बंदीचं काही नाही. पण टामाशी त्याची आई बोलेना, आणि वहिनी, म्हणजे रावीरीची बायको, दार लावून घेईना पण आत येही म्हणेना. टामा दर रविवारी भावाच्या घरापर्यंत गाडी घेऊन यायचा, बाहेरच बसून राहायचा आणि परत जायचा. आत पाऊल टाकलं नाही.

भावेशला लोकांनी जेवायला बोलावलं. त्याचं सांत्वन केलं. चार महिने त्याने ते जेवण गिळलं आणि पाचव्या महिन्यात आईला बरं नाही असं सांगून एक बॅग घेऊन परत आला. भागुबाई धडधाकट होती. हेमांगी तिकडेच राहिली, कारण तिला खरं काय ते माहीत नव्हतं.

इकडे आल्यावर हा माणूस जाळी शिवायचा, आणि होड्या ओढायच्या दिवशी घरात बसायचा. पहिल्या वर्षी आम्ही सोडलं. दुसऱ्या वर्षी, मे महिन्याच्या अखेरीस, भागुबाईने त्याला ढकलून किनाऱ्यावर पाठवला. तो आला आणि लांब, उपड्या होडीशी बसला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, कारण माझी कंबर आता ओढायची नाही, नुसती बोलायची आहे.

"काय साहेब, खांदा मऊ झाला कं गोऱ्या बाईच्या उशीवर?" मी म्हटलं.

फोन वाजला म्हणून त्याने बघितला. रावीरीचा निरोप, त्याबरोबर एक व्हिडिओ. टामाची कोणी जुनी मैत्रीण, तिने त्या दिवशी छत्रीखालून फोनवर घेतलेला, इतके दिवस कुठेतरी पडून राहिलेला. भावेशने तो लावला. पाऊस, वारा, आरडाओरडा. आणि मग त्या सगळ्याच्या वर, लख्ख: "खांदा काढू नका!"

मी मान वळवून किनाऱ्याकडे बघितलं. काळूराम तिथे ओंडक्यांना तेल लावत होता, त्याने तोंड उघडलंही नव्हतं.

"भावेश, हा काळूराम कवा गेला तिकडं?" मी विचारलं.

"न्हाय काका," तो म्हणाला. "मी हाय तो."

आणि मग त्याने वर लिहिलं ते सगळं सांगितलं. निरोपात रावीरीने लिहिलं होतं, म्हणजे तोंडाने बोलून फोनकडून लिहून घेतलं होतं: "यात तू काय म्हणतोयस ते मला सांग. टामासाठी मला कळायला हवं. माझ्यासाठीही. मी आधी हेमांगीला ऐकवलं. ती म्हणाली, हे शब्द त्याचे आहेत, त्यालाच विचार."

खाली हेमांगीचा वेगळा निरोप. तिने फक्त एवढं लिहिलं होतं: मी ऐकलं. मी त्याला काही सांगितलं नाही. तू सांग.

"मंग? काय सांगनार?" मी विचारलं.

"सोडा म्हटलं, असंच लिहितो परत." तो फोनच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिला. "ती काय तोंड उघडनार न्हाय. तिकडं दुसरं कोन हाय मराठी समजनारं?"

खरंच कोणी नव्हतं. त्या शब्दांचा अर्थ कळणारी माणसं साऱ्या पृथ्वीवर बहुतेक आमच्या किनाऱ्यावर तेल लावत उभी होती.

मी त्याला शब्द दिला की कुणाला बोलणार नाही. मला ओळखणाऱ्याने माझ्याकडून शब्द घेऊच नये. दोन दिवस मी गप्प राहिलो. बायकोने विचारलं, ताप आहे का? तिसऱ्या दिवशी मी काळूरामला जाऊन सांगितलं. वाडीत दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती. त्याला सांगितली तीही चुगलीच, पण ती करायला मला जन्मात पहिल्यांदा मजा आली नाही.

काळूराम तडक घरी पोराच्या समोर जाऊन उभा राहिला, मी मागोमाग. "दाव."

भावेशने माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे बघितलं. त्याने व्हिडिओ लावला. म्हाताऱ्याने तीनदा ऐकला.

"बरोबर वरडलास," तो म्हणाला. "मानूस सरकला, की खांदा काढायचा न्हाय."

"तिकडं चूक हाय, बाबा."

"चूक कशी? काढला की मागचा मरतो."

"तिकडं पुढं होडी नसते." भावेशने फोन खाली ठेवला. "पुढं मानूसच असतो."

काळूराम भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला, होडी खाली ठेवावी तसा. आतून भागुबाईने पाणी आणलं, ते तसंच राहिलं.

"आनि आळ कोनावर हाय?" त्याने विचारलं.

"त्याच्या भावावर."

"तो कसा हाय, भाऊ?"

"गाडीत बसतो. घरात येत न्हाय."

काळूराम आपले हात बघत बसला. "चांगदेवनं खांदा काढला नव्हता," तो म्हणाला. "त्याचा पाय घसरला. मी बघितला. म्या बोललो न्हाय. नामा गेला व्हता, कोनतरी पायजेच व्हता."

भावेशला कानफटात बसली तेव्हा मी होतो, हे आधी सांगितलंय. नामाच्या दिवशीही होतो. चांगदेवचा पाय घसरलेला मीही बघितला होता. माझ्या मते अर्ध्या वाडीने बघितला होता. आणि मी, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळी वाडी म्हणते, त्या मी चाळीस वर्षं ही एकच गोष्ट तोंडात धरून ठेवली.

"सांग त्याला," काळूराम म्हणाला. "आत्ता न्हाय, तर मंग कदी?"

"बाबा, हेमांगी तिथंच हाय. तिला त्या गावात ऱ्हायचं हाय. माजं तिकडं परत जानं—"

"मना ठाव हाय." म्हाताऱ्याने पाण्याचा गडू उचलून पोराच्या हातात दिला. "पी, आनि सांग."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सात, म्हणजे तिकडे दुपार. मी कोलीम, म्हणजे बारीक सुकट, मागायच्या निमित्ताने ओट्यावर जाऊन बसलो होतो. मला कोणी हाकललं नाही. फोनवर रावीरी दिसला. मोठा देह, खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेला, बाजूला बायको. हसला. असा माणूस कसा हसतो कुणास ठाऊक. भावेशची इंग्रजी तोडकी, त्यामुळे मलाही समजली.

त्याने सांगितलं, मी सोडा म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, खांदा काढू नका. म्हणजे रेटत राहा. मी खोटं बोललो.

पडद्यावर रावीरी गोठल्यासारखा दिसला, मला वाटलं रेंज गेली. मग तो म्हणाला, "ते शब्द पुन्हा म्हण. हळू."

"खांदा. काढू. नका."

रावीरीने ते स्वतःच्या तोंडाने म्हणून बघितलं. त्याला 'ढ' काही जमला नाही. दोनदा प्रयत्न केला. मग म्हणाला, "टामा बाहेर गाडीत आहे. आत येत नाही. हिला मी फोन खिडकीशी धरायला सांगतो. त्याला ऐकू जाईल असं बोल."

बायकोने खिडकी उघडली. वाऱ्याचा आवाज आला. ओल्या रस्त्यावर एक निळी गाडी, आत एक डोकं.

भावेश ओट्यावर उभा राहिला. मी त्याला त्या आवाजात ओरडताना कधी ऐकलं नव्हतं, व्हिडिओत ऐकलं तेवढंच. "टामा! मी म्हटलं, ढकल! मी म्हटलं, सोडू नकोस! तुझी चूक नाही! माझी!" इंग्रजीत. आमच्या गल्लीत दारं उघडली. विनेश दात घासत बाहेर आला. भावेश थांबेना. तेच पुन्हा, तेच पुन्हा, घसा फाटेपर्यंत. शेवटी भागुबाईने मागून त्याचा सदरा धरला.

गाडीचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. मग गाडी सुरू झाली आणि निघून गेली.

"ऐकलं त्याने," रावीरी म्हणाला. हसत नव्हता. "आता तूही जा."

फोन बंद झाला. त्यानंतर रावीरीने कधी फोन केला नाही, उचललाही नाही.

पुढच्या गोष्टी हेमांगीकडून तुकड्यातुकड्याने आल्या. क्लबने चौकशी पुन्हा उघडली. भावेशने ओट्यावर बसून कॅमेऱ्यासमोर सगळं सांगितलं, या वेळी कोणी पाण्याचा ग्लास पुढे केला नाही. क्लबच्या भिंतीवरच्या फोटोतून त्याला काढलं. टामा एक महिना कुणाला दिसला नाही. मग एका रविवारी आला, आत गेला, पाच मिनिटं बसला. आता येतो. बोलतात का ते दोघं, हेमांगीला माहीत नाही. तिला दुकानात लोक ओळख दाखवेनासे झाले, म्हणून तिने तीनशे किलोमीटर लांबच्या गावात बदली करून घेतली. इकडे ती आलेली नाही. भावेशला ये म्हणालेली नाही. "तू चौकशीच्या दिवशी घरी येऊन मला सांगितलं असतंस तर मी तुझ्या बाजूला बसले असते," एवढं एकदा म्हणाली. हे मला भावेशने सांगितलं, आणि हे मी पुढे कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सोडून.

गोऱ्या बाईची गोष्ट मी मागे घ्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही. नागावला अजून चालू आहे. मूल शाळेत जायला लागलंय.

यंदा मे महिन्यात होड्या ओढायला काळूराम आला तेव्हा त्याच्या काखेत काहीतरी होतं. बाभळीच्या लाकडाची पाचर. दोन हात लांब, एका बाजूला निमुळती, तासून गुळगुळीत केलेली. म्हाताऱ्याने आठ दिवस घालवले असणार. बावीस माणसं बघत राहिली. कोणाच्या बापजन्मी आमच्या किनाऱ्यावर पाचर आली नव्हती.

विनेश म्हणाला, "तांडेल, आता खुर्च्या पन मांडा. च्या पन सांगा."

दोघेतिघे हसले. काळूराम हसला नाही. त्याने पाचर भावेशच्या हातात दिली आणि होडीच्या मागची जागा बोटाने दाखवली. तो गेला त्या दिवशी नामा तिथेच उभा होता. भावेश गेला आणि वाळूत गुडघा टेकून बसला. अडीच वर्षं घरात बसलेला हा माणूस, खांदा लावायला नाही आला, पाचर धरायला आला.

"आवळ रं... हैया!"

होडी एक हात वर. पुन्हा एक हात. चौथ्या हाकेला डाव्या बाजूचा ओंडका फिरला, होडी कलली, विनेशचा पाय सुटला. सगळ्यांनी सवयीने दात आवळले आणि त्या तीन शब्दांची वाट बघितली. काळूरामचं तोंड उघडलं. मी लांबून बघत होतो, ते शब्द त्याच्या घशापर्यंत आलेले मला दिसले.

"थांबा!" तो ओरडला.

कुणाला कळेना काय करायचं. कुणी थांबलं, कुणी तसंच धरून राहिलं. होडी वीतभर मागे आली आणि पाचरीवर बसली. लाकूड करकरलं. पण धरलं त्याने.

"काढा," काळूराम म्हणाला. "खांदा काढा. समदे."

एकेकाने खांदा काढला. विनेशने घसरलेला पाय चोळला. बावीस माणसं मोकळ्या खांद्यांनी उभी, आणि होडी एका लाकडाच्या तुकड्यावर. काळूराम मागे चालत गेला, नामा पडला होता तिथली वाळू बघत थोडा वेळ उभा राहिला. भावेशने दोन्ही हातांनी पाचर दाबून धरली होती, जणू ती सुटली तर कुठेतरी कुणाची मान जाईल.

"हात काढ," बाप त्याला हळूच म्हणाला. "धरलंय तिनं."

भावेशने हात काढले नाहीत.

ओंडका सरळ केला. माणसं परत जागेवर आली. काळूरामने हाक दिली, होडी हातभर वर गेली, आणि भावेश पाचर उचलून गुडघ्यांवरच हातभर पुढे सरकला.